चव्वेचाळीस सेकंद

एमिल कोस्कोला बेल्स फोर्ज गावात कोणी बातमी सांगायला जात नसे, कारण ती त्याला आधीच ठाऊक असे. कोणाच्या चिमणीला आग लागली, कोणाची गाय हमरस्त्यावर आली, कोणाच्या जावयाने पिऊन गाडी ओढ्यात घातली, हे सगळं स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला रेडिओ स्कॅनर त्याला सांगे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, बर्फ काढणाऱ्या गाड्या. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवत होता तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, हा माणूस दुसऱ्यांचं बोलणं ऐकत आला होता. त्याची बायको आयरीन हयात होती तेव्हा म्हणायची, "लग्न केलं तेव्हा मला वाटलं हा लाजाळू आहे. मग कळलं, लाजाळू नाही, तो दुसरं स्टेशन ऐकतोय."

मुलगी लोरेन ही काउंटीच्या पोलिसांत भरती झाली तेव्हा एमिलने आपला आनंद एकाच प्रकारे व्यक्त केला. छपरावर नवी अँटेना बसवली. लोरेनची ओळख होती 'सत्तावीस'. सकाळी सव्वासातला "सत्तावीस, पुलाजवळ आहे" हे तिचं वाक्य फ्रिजवरून येई आणि अंड्यावर मीठ भुरभुरता भुरभुरता एमिल मान हलवी. रविवारच्या जेवणात बापलेकीचं जेवढं बोलणं होई त्याच्या कितीतरी पट त्याला ती अशी ऐकू येई. शिवाय उत्तर द्यावं लागत नसे.

पण अभिमान गप्प बसू देत नाही. एमिलने माळ्यावर जुना कॉम्प्युटर लावला आणि स्कॅनरचा आवाज इंटरनेटवर सोडला. ज्याला हवं त्याने, हवं तिथून ऐकावं. ऐकणारे कोण, तर झोप न येणाऱ्या विधवा, निवृत्त फायरमन आणि फ्लोरिडाला राहायला जाऊन पस्तावलेले गावकरी. ऐकणाऱ्यांचा आकडा पडद्यावर दिसे. एमिल तो दिवसातून वीसदा पाही. शेअर बाजारवाले काय पाहतील.

असे वीस महिने गेले. मग ऑगस्टमधल्या एका दुपारी सीडर स्ट्रीटवर एका माणसाने बायकोला घरात कोंडून ठेवलं. पोलिसांनी घर वेढलं. आपण आणि सहकारी वेस हॅल्डमन मागच्या पडवीतून आत शिरतोय, असं लोरेनने रेडिओवर हळू आवाजात सांगितलं. ते कंट्रोल रूमने ऐकलं, एमिलने ऐकलं, फ्लोरिडाने ऐकलं आणि घरातल्या माणसानेही ऐकलं. त्याच्या फोनवर एमिलचंच प्रसारण चालू होतं. तो मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. गोळी वेसच्या कमरेच्या हाडात गेली. लोरेन त्याच्या दीड हात मागे होती.

संध्याकाळी ती घरी आली. बाहीवर वेसचं रक्त वाळलं होतं. तिने आवाज चढवला नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "दोन वाजता किती जण ऐकत होते, डॅड?"

एमिलच्या तोंडून सवयीने आकडा निसटला. "एकशे एकोणनव्वद."

"त्यातला एक तो होता."

घराची किल्ली तिने टेबलावर ठेवली, मिठाच्या बाटलीशेजारी, आणि निघून गेली. एमिल माळ्यावर गेला. कॉम्प्युटर बंद करायला बटण होतं, तरी त्याने पकडीने वायर कापली.

त्यानंतर तिने फोन उचलला नाही. दोनदा नाही उचलला. तिसऱ्यांदा करायला लागू नये म्हणून एमिलने तिला त्रास नको असं ठरवलं. ती तीस मैलांवर राहत होती. आणि सकाळी सव्वासातला "सत्तावीस, पुलाजवळ आहे" येतच होतं, त्यामुळे आपला संबंध तुटला असं त्याला मनापासून वाटलंच नाही.

आठ महिन्यांनी काउंटीच्या मंडळाने ठराव मांडला की यापुढे पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं कुलूपबंद राहील. त्यांचे रेडिओ सोडून दुसऱ्या कोणालाही ते उलगडणार नाही. सभेला आसपासचे झाडून सगळे स्कॅनरवाले आले. एकाने खिशातून राज्यघटना काढून फडकवली. एकाने विचारलं, कर आम्ही भरायचा आणि ऐकायचं कोणी? एमिल इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होता. हे कुलूप कोणामुळे आलं ते सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकजण सभ्यपणे पुढे पाहत होता. ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मग डोनट आले.

एक तारखेला सकाळी सव्वासातला फ्रिजवरून काहीच आलं नाही. अग्निशमन दलाचं बोलणं उघडंच होतं. कुठेतरी मांजर झाडावर चढलं होतं आणि त्याविषयी सविस्तर चर्चा चालली होती. एमिलने अंडं तसंच ठेवलं.

आठवड्याभराने त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. कुलूप आवाजाला होतं, पण बोलणाऱ्या रेडिओचा स्वतःचा नंबर हवेत उघडाच फिरत होता. कुलूपबंद बोलणं स्कॅनर गाळून टाकत असे. ते गाळू नकोस असं त्याला बजावलं की शब्द येत नसत, पण कोणी बटण दाबलं की पडद्यावर नंबर उमटे आणि सोडलं की विझे. लोरेनच्या रेडिओचा नंबर त्याने पूर्वीच टिपून ठेवला होता. ४०२७११८. सात वाजून चौदा मिनिटांनी तो उमटला. तीन सेकंद. पूल.

एमिल अंडं करायला उठला.

पुढे त्याने वही सुरू केली. तारीख, वेळ, किती सेकंद. दोन सेकंद म्हणजे 'बरं'. आठ सेकंद म्हणजे कोणाच्या तरी गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवतेय. बारा सेकंद म्हणजे कोणीतरी वाद घालतंय आणि ती थकलीय. उन्हाळाभर त्याने तिला असं वाचलं. मुक्याची भाषा शिकावी तसा शिकला, फरक इतकाच की समोरच्याला आपण एमिलशी बोलतोय याची कल्पना नव्हती.

स्टॅन वोयतास हा त्याचा न्हावी आणि मित्र. खुर्चीत बसवून, मान पकडून सल्ला देण्याची सोय असलेला एकमेव मित्र.

"फोन कर तिला," स्टॅन म्हणे.

"कशाला? ती ठीक आहे. नऊ वाजून बारा मिनिटांनी शाळेच्या चौकात होती."

"तू काय तिचा बाप आहेस की हवामान खातं?"

 गावात कोणी "लोरेन कशी आहे?" असं विचारलं की तो इतकं नेमकं, इतकं मिनिटामिनिटाचं उत्तर देई की विचारणाऱ्याचीच पंचाईत होई. उलट त्याला काही सांगावं असं मग कोणाच्या मनात येत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटी नंबर गायब झाला. एक दिवस, दोन दिवस, सलग नऊ दिवस. एमिलने पाचव्या दिवशी फोन हातात घेतला आणि ठेवला. आठव्या दिवशी घेतला, तिचा नंबर फिरवला, आणि हा क्रमांक आता वापरात नाही असं एका बाईने त्याला सांगितलं. तो रात्रभर खुर्चीत बसून राहिला. उजाडल्यावर कंट्रोल रूमला फोन करायचा असं त्याने ठरवलं होतं. लाज गेली तरी चालेल. सात वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर ४०२७११८ उमटलं. सहा सेकंद.

त्याने डोळे पुसले. सुट्टीवर गेली असेल. फोनचा नंबर बदलला असेल, हल्ली सगळेच बदलतात. त्या दिवशी तो भोपळ्याची गोड पाई विकत घेऊन आला आणि एकट्याने निम्मी खाल्ली.

नंतर ती जरा जास्त वेळ बोलायला लागली. पूर्वी तीन सेकंद लागत तिथे सहा, सात. एमिलने त्याचा अर्थ लावला. बढती मिळाली असणार, वरच्या माणसाला सविस्तर बोलावंच लागतं. जानेवारीत नंबर एकेका वाक्यात दोनदोनदा तुटायला लागला, तेव्हा त्याने ओळखलं की खोकला झालाय, आणि आयरीन द्यायची तो मधाचा काढा आठवून त्याचा जीव तुटला. त्याआधी नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने दरवर्षीसारखं मशरूमचं आंबट सूप केलं, खसखशीचे बोबाल्की, म्हणजे पावाचे गोड गोळे, केले आणि स्लोव्हाक घरात वाटसरूसाठी मांडतात तसं जास्तीचं ताट मांडलं. साडेपाचला नंबर उमटला, एमिलच्या हिशोबाने पुलावरून. लेकुरवाळ्यांना सुट्टी देऊन ही सणाला ड्यूटी घेतेच, नेहमीचंच. एमिलला राग आला नाही. उलट बरं वाटलं. ती येत नाही याला कारण होतं.

मार्चमध्ये लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, सुरू झाले. शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेले मासे असतात आणि सगळं गाव तिथे असतं, पापी जरा आधीच. एमिल आणि स्टॅन लांब टेबलावर समोरासमोर बसले होते. एमिलचा खिशातला छोटा स्कॅनर कोबीच्या सॅलडशेजारी ठेवलेला. बारा चाळीसला त्यावर ४०२७११८ उमटलं, आणि इतक्या जोरात उमटलं की सिग्नलच्या सगळ्या काड्या भरल्या. रेडिओ इथेच कुठेतरी होता. पन्नास पावलांच्या आत.

एमिल उठून उभा राहिला. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग कॉफीच्या टेबलाकडे. शर्टावर सांडलेला सॉस त्याने रुमालाने पुसला. दीड वर्षानंतर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरेना. म्हणून नुसताच उभा राहिला.

रांगेत मॅझरांचा डेरिक उभा होता, नवा भरती झालेला गोबरा पोरगा. त्याने खांद्यावरचा माइक ओठांशी नेऊन बटण दाबलं, आपण जेवायला थांबलोय असं सांगितलं आणि सोडलं. स्कॅनरवर नंबर उमटला आणि विझला. पोराला काहीतरी आठवलं, त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा उमटला. सोडलं. विझला.

एमिल त्याच्याजवळ गेला आणि हा रेडिओ कोणाचा, असं विचारलं.

"माझा. म्हणजे काउंटीचा," डेरिक म्हणाला. "नोव्हेंबरात मिळाला. जुनाच आहे, क्लिपसुद्धा धड नाही. नव्या माणसाला नवं काही देतात का?"

"आधी कोणाकडे होता?"

"लोरेनकडे." मग पोराच्या हातातली थाळी थोडी खाली आली. "ती ऑक्टोबरात नोकरी सोडून गेली ना, मिस्टर कोस्को. मिनेसोटाला, दुलुथला. तुम्हाला माहीत असेल. म्हणजे, तुम्हाला सगळं माहीत असतं असं म्हणतात."

रेडिओचा नंबर रेडिओचा असतो, माणसाचा नसतो. चाळीस वर्षांच्या स्कॅनरवाल्याला हे कोणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर एमिलने त्याला मूर्ख म्हटलं असतं.

स्टॅनकडे पाहिलं तर तो माशातला काटा शोधत होता. त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. "तू म्हणालास पुलावर होती," स्टॅन शेवटी म्हणाला. "मला वाटलं, आली असेल भेटायला. थँक्सगिव्हिंगला वाटलं, नाताळला वाटलं. मग वाटलं, याला तसं म्हणायचं असेल तर म्हणू दे. एमिल, तुझ्याशी वाद कोण घालणार?"

डेरिक बिचारा थाळी घेऊन त्यांच्यातच येऊन बसला. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने निरोपाचं सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी कंट्रोल रूम त्या माणसाला त्याच्या नंबराने अखेरची हाक मारते, केल्या कामाचे आभार मानते, मग तो माणूस उत्तर देतो आणि बाकीचे एकेक करून रेडिओवर 'सांभाळून जा' म्हणतात. घरचे लोक कंट्रोल रूममध्ये येऊन बसतात, किंवा पूर्वी घरी स्कॅनरवर ऐकायचे. लोरेनच्या वेळी कोणी आलं नव्हतं. "तिने सगळ्यांचे आभार मानले. मग शेवटी म्हणाली, 'आणि डॅड...' आणि मग पुढे काहीतरी. मी तेव्हा प्रशिक्षणात होतो, गाडी लावत होतो, मला नीट ऐकू आलं नाही. कंट्रोल रूमवरची मॉरीन रडायला लागली, एवढं ठाऊक आहे."

त्याने घाईघाईने मासा खाल्ला आणि तो निघून गेला.

एमिलने घरी जाऊन वही उघडली. ऑक्टोबर अठ्ठावीस. दोन छप्पन्नला ४०२७११८, चव्वेचाळीस सेकंद. अख्ख्या वहीत त्याहून लांब काही नव्हतं. त्यानंतर एकोणीस वेगवेगळे नंबर, प्रत्येकी दोन सेकंद, एकही दोनदा नाही. समोर त्याच्याच सुबक अक्षरात शेरा होता: 'मोठी गडबड. गॅसगळती असावी. सत्तावीसने परिस्थिती चांगली हाताळली.'

सोमवारी तो काउंटीच्या कचेरीत गेला. माणसाला फोन करण्यापेक्षा अर्ज करणं त्याला सोपं होतं. नागरिकाला सरकारी कागद मागण्याचा हक्क आहे, त्यासाठी फॉर्म आहे, फॉर्मला तीन प्रती आहेत. 'काय हवे' या रकान्यात त्याने तारीख, वेळ आणि सेकंद लिहिले. 'कशासाठी' या रकान्यात बराच वेळ काही लिहिलं नाही, मग 'वैयक्तिक' असं लिहिलं. पाच दिवसांनी उत्तर आलं की सदर ध्वनिमुद्रण नव्वद दिवस ठेवलं जातं, ते दिवस संपले आहेत, आणि ते असतं तरी कुलूपबंद संभाषण देता आलं नसतं. दोन कारणं दिली होती. एकाने भागलं असतं.

उत्तर घेऊन तो मॉरीनकडे गेला. मॉरीन दुपारच्या सुट्टीत बाकावर सँडविच खात होती. तीस वर्षं काउंटीभरच्या किंकाळ्या ऐकून तिचा चेहरा अगदी शांत झालेला होता. एमिलने विचारण्याआधीच तिने मान हलवली.

"मी नाही सांगणार, एमिल. नियम आहे म्हणून नाही. ते तिने सांगायचंय." आणि सँडविचच्या कागदाच्या कोपऱ्यावर फोन नंबर लिहून दिला.

तो कागद त्याने सहा दिवस बाळगला. रविवारी दुपारी फोन केला.

"हॅलो," लोरेन म्हणाली.

एमिल ऐकत राहिला. मागे कुठेतरी भांडी धुण्याचं यंत्र चाललं होतं. एक कुत्रा फरशीवरून चालत गेला, लहानसा असावा. तिचा आवाज जरा बसका झाला होता.

"कोण आहे?" आणि मग, "डॅड?"

"हो."

"बरा आहेस ना? कोणी गेलं का?"

"नाही. सगळे आहेत." त्याने घसा खाकरला. "तुझा रेडिओ त्यांनी मॅझरच्या पोराला दिलाय."

तिला काही समजेना. एमिलने मग सगळं सांगितलं, वहीचं, सेकंदांचं, पुलाचं, नाताळचं. इतकं तो तिच्याशी एका दमात कधीच बोलला नव्हता. 

"म्हणजे पाच महिने तू डेरिक मॅझरची काळजी करत होतास."

"जानेवारीत त्याला खोकला झाला होता."

ती हसली. थोडंसंच, पण हसली. त्या हसण्याने एमिलला धीर आला आणि त्याने विचारलं, की निरोपाच्या दिवशी शेवटी ती काय म्हणाली होती.

भांड्यांचं यंत्र बंद पडल्याचं त्याला ऐकू आलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"शब्द कोणीच सांगत नाही."

"बरं करतात."

"मला ऐकायचंय, लोरेन."

"माहीत आहे. तुला ऐकायचंच असतं." तिचा आवाज चढला नव्हता, त्या संध्याकाळी चढला नव्हता तसाच. "डॅड, तुला ऐकू जाणार नाही म्हणून मी ते म्हणाले. तुला ऐकू गेलं असतं तर मी 'सत्तावीस, ड्यूटी संपली' एवढंच म्हणून बटण सोडलं असतं. समजतंय का? कुलूप होतं म्हणून बोलता आलं."

एमिलला समजलं. समजलं हे सांगायला हवं हेही समजलं. त्याच्या तोंडून "माझं चुकलं" असं आलं, पण सवय नसल्यामुळे फार हळू आलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"वेसला म्हणालास हे?"

"नाही."

"काठी लागते त्याला. तुझ्यापासून चार मैलांवर राहतो. जिना चढता येत नाही म्हणून बैठ्या घरात आलाय." ती थांबली. "आधी मला नको सांगूस, डॅड. ठेवते. उद्या शाळेच्या बस सोडायला पाचला जायचंय."

पुन्हा फोन कर असं ती म्हणाली नाही. करू नकोस असंही म्हणाली नाही.

एमिल फोनजवळ बसून राहिला. ती काय म्हणाली असेल याचा त्याने अंदाज बांधून पाहिला. चव्वेचाळीस सेकंद थोडे नसतात. तेवढ्यात एखाद्या माणसाला शिव्या देता येतात, माफ करता येतं, आणि दोन्ही करूनही आठदहा सेकंद उरतात.

मग त्याने उठून कोट घातला. रविवारची वेळ आहे, लोक जेवत असतात, म्हणून काढला. तीन वाजून गेले होते, कोणी जेवत नव्हतं, म्हणून पुन्हा घातला. वेस हॅल्डमनच्या दारात उभं राहून काय बोलायचं हे गाडी सुरू झाल्यावरही त्याला सुचलं नव्हतं, आणि चार मैलांचा रस्ता त्या दिवशी अगदी मोकळा होता.